एक गाव, दोन पिन कोड : हद्दवाढीनंतर टपाल कुठे अडलं?

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या वेशीवरचं हे गाव. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांची कागदपत्रं या लेखात येतात, ती माणसं अजून तिथेच राहतात. मध्ये जुनं गावठाण, भोवती वाड्या, आणि हमरस्त्याच्या बाजूला गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या. महापालिकेची हद्द वाढली तेव्हा ग्रामपंचायत गेली. घरपट्टी महापालिकेची झाली, पाण्याचा टँकर महापालिकेचा झाला, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या.

टपाल मात्र होतं तिथेच राहिलं. गावात एक शाखा डाकघर आहे. त्याची थैली रोज सकाळी तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका ग्रामीण उपडाकघरातून यायची आणि शाखा डाकपाल व एक ग्रामीण डाक सेवक मिळून ती वाटायचे. गावाचा पिन कोड म्हणजे त्या उपडाकघराचा पिन कोड. महापालिकेची हद्द आणि टपालाची हद्द या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, एक हलली म्हणून दुसरी आपोआप हलत नाही, हे तेव्हा गावात जवळपास कुणाला ठाऊक नव्हतं.

हे समजायला पिन कोड मुळात कशासाठी आला ते बघावं लागतं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशभर लागू झाला. आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे वरिष्ठ अधिकारी मूळचे कोकणातले, आणि संस्कृतचे नावाजलेले कवी. अडचण साधी पण अवाढव्य होती. एकाच नावाची गावं ठिकठिकाणी, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, हस्ताक्षर कसंही. हमीरपूर हिमाचलात आहे आणि उत्तर प्रदेशातही. बिलासपूर हिमाचलात आहे आणि छत्तीसगडातही. आपल्याकडच्या वडगावांची आणि पिंपळगावांची तर मोजदादच नको. सॉर्टिंग करणाऱ्याला भाषा न वाचता, नावावर अडून न बसता पत्र पुढे ढकलता यावं म्हणून सहा आकडे आले.

पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. एकूण नऊ विभाग, त्यातला नववा लष्करी टपालाचा. पहिले दोन आकडे मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा. शेवटचे तीन आकडे सांगतात की पत्र कोणत्या कचेरीतून वाटलं जाणार. मुंबईत हे फार छान दिसतं. तिथे आधीपासूनच 'मुंबई २८', 'मुंबई १४' असे वाटपाचे क्रमांक होते. १९७२ मध्ये त्यांच्याच आधी ४००० लावून ४०००२८ आणि ४०००१४ झाले. पुण्यात सदाशिव पेठेला आजही 'पुणे ३०' म्हणणारी माणसं आहेत, आणि तिचा पिन ४११०३० आहे. म्हणजे हा क्रमांक पहिल्यापासून वाटप करणाऱ्या कचेरीचा आहे. गाव, तालुका, महापालिका यांच्याशी त्याचं नातं दुय्यम.

देशात दीड लाखाहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत आणि पिन कोड साधारण १९ हजार. बहुतेक कचेऱ्यांना स्वतःचा पिन नाहीच, त्या वरच्या कचेरीचा वापरतात. आमचं शाखा डाकघर त्यातलंच एक.

अडचण

सोसायट्यांच्या माहितीपत्रकांवर बिल्डरांनी शेजारच्या शहरी उपनगराचा पिन छापला. फ्लॅट घेणाऱ्यांनी तोच आधारवर घातला, बँकेत दिला, नोकरीच्या ठिकाणी दिला. गावठाणातले लोक जुना ग्रामीण पिन लिहीत राहिले. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांचे पिन वेगळे झाले.

त्यात सरकारी कचेऱ्यांनी भर घातली. गाव महापालिकेत गेलं म्हणजे पिनही शहराचाच असणार असं धरून काही ठिकाणी कारकुनांनी परस्पर शहरी पिन टाकला. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर बरोबर पिन लिहिला त्यांची पत्रंही चुकीच्या वाटेला लागली.

आमच्या पाठपुरावा गटाला हे सगळं एका पाकिटावरून कळलं. गावठाणातल्या एका शेतकऱ्याला भूसंपादनाच्या सुनावणीची नोटीस रजिस्टर टपालानं आली, तीही सुनावणी होऊन गेल्यावर. गटातल्या एक ताई आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपालाच्या सॉर्टिंगला, नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, पत्त्याकडे पाहिलंही नाही, सरळ उलटं केलं. मागे शिक्क्यांची गर्दी. चष्मा कपाळावर सरकवून त्या एकेक शिक्का वाचत गेल्या. पाठवणाऱ्या कचेरीचा. मग शहरी उपनगराच्या वाटप कचेरीचा. तिथेच तीन दिवसांनी पुन्हा मारलेला. मग शहराच्या सॉर्टिंग कचेरीचा, मग ग्रामीण उपडाकघराचा, आणि सगळ्यात शेवटी, शाई वाळलेल्या पॅडवरून उठलेला, आमच्या शाखा डाकघराचा पुसट शिक्का.

"बघा, हरवलं कुठेच नाही," ताई म्हणाल्या. "पिननं सांगितलं तिथे ते अगदी वेळेवर पोचलंय. तिथे या गावाची बीटच नाही, तर पोस्टमन नेणार कुठे?" (बीट म्हणजे एका पोस्टमनला वाटपासाठी नेमून दिलेला भाग.)

आख्ख्या प्रकरणाची किल्ली या एका वाक्यात होती. तोवर गावात सरसकट बोललं जायचं की पोस्टमन आळशी आहे, पत्रं टाकून देतो. शिक्क्यांनी दाखवलं की वाटेतल्या प्रत्येक माणसानं आपलं काम केलं होतं. शहरी पोस्टमननं तीन दिवस शोध घेऊन पत्र परत दिलं होतं. गडबड होती ती आकड्यात.

नुकसान मात्र खरं होतं. ड्रायव्हिंग लायसन्स वाटप न होता आर.टी.ओ.कडे परत गेली. नव्या चेकबुकांवर 'पत्ता सापडत नाही' असा शेरा येऊन ती बँकेत परतली. आणि सगळ्यात गंभीर बाब नोटिसांची. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, खर्च भरून रजिस्टर टपालानं पाठवलेली नोटीस, उलट काही सिद्ध झालं नाही तर, नेहमीच्या टपालाच्या वेळेत पोचली असं धरतात. आता पत्ता 'योग्य' होता की नव्हता हे शेतकऱ्यानं पुढे सिद्ध करत बसायचं. ज्यांच्यापाशी वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी अडचण पिनच्या आड लपलेली होती. ग्रामीण डाक सेवकाचं काम दिवसाला चार-पाच तासांचं धरलेलं असतं, आणि हे गणित गावठाण व वाड्यांसाठी केलेलं होतं. सोसायट्यांच्या इमारती त्या गणितात कधी आल्याच नाहीत. म्हणजे उद्या सगळ्यांनी अचूक ग्रामीण पिन लिहिला असता, तरी ते सगळं टपाल एकट्या माणसाच्या सायकलवर आलं असतं.

समोर असलेले पर्याय

पहिली मागणी भावनेतून आली : गावाला स्वतःचं वाटप करणारं उपडाकघर आणि स्वतःचा पिन हवा. ठराव लिहूनही झाला होता. डाक विभागात चौकशी केल्यावर कळलं की नवी कचेरी काढताना जवळच्या कचेरीपासूनचं अंतर, कामाचा भार आणि उत्पन्न पाहतात. शहरी भागातल्या नव्या कचेरीनं आपला खर्च आपण भागवावा अशी अपेक्षा असते. जागा, मंजुरी, माणसं, सगळंच लांबणीवर जाणार होतं. तोवर नोटिसा चुकीच्या कचेरीत पोचतच राहिल्या असत्या.

दुसरा पर्याय स्वस्तातला. काहीच न बदलता सोसायट्यांनी ग्रामीण पिन लिहावा, तोच मुळात बरोबर आहे. नियमाच्या दृष्टीनं यात खोट नव्हती. पण सोसायट्यांचा विरोध कडाडून झाला, आणि तो निव्वळ मानापमानाचा नव्हता. अनेक संकेतस्थळांवर पिन टाकला की तालुका आणि जिल्हा आपोआप भरले जातात. ग्रामीण पिन टाकला की पत्ता तालुक्याचा दिसायचा, घरपट्टीची पावती महापालिकेची, आणि पुरावे जुळत नाहीत म्हणून अर्ज परत. शिवाय एकट्या डाक सेवकाचा प्रश्न तसाच राहिला असता.

तिसरा पर्याय गाव विभागण्याचा : सोसायट्या शहरी कचेरीला जोडायच्या, गावठाण ग्रामीण कचेरीकडे ठेवायचं. कागदावर हा सगळ्यात सुटसुटीत दिसत होता आणि डाक निरीक्षकांचा पहिला कलही तिकडेच होता. मला व्यक्तिशः हा पर्याय सगळ्यात घातक वाटला. हमरस्त्यालगत जुनी घरं आणि नव्या इमारती एकमेकांत मिसळलेल्या. रेषा ओढली असती ती कुणाच्या तरी अंगणातून, आणि दोन पिनांचा घोळ कायमचा अधिकृत झाला असता.

चौथा पर्याय म्हणजे संपूर्ण गावाचं वाटप शहरी उपनगराच्या कचेरीकडे द्यायचं, शाखा डाकघरही तिच्याच हाताखाली आणायचं, आणि तिथे या गावासाठी वेगळी बीट काढायची. गावठाणाला हे पटणं अवघड होतं. "आमचं टपाल नीट येतंय, तुमच्यासाठी आम्ही का नंबर बदलायचा?" हा प्रश्न बैठकीत एका आजोबांनी विचारला आणि त्याला कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं. बायकांची काळजी वेगळी होती. शाखा डाकघरात त्यांची बचत खाती होती. कचेरी शहरात गेली तर पैसे काढायला रिक्षा करायची का? हा प्रश्न सगळ्या चर्चेतला सगळ्यात नेमका प्रश्न होता असं मला वाटतं, कारण त्यामुळेच पुढे अर्जात एक अट पडली.

काय केलं

आधी पुरावे. 'टपाल वेळेवर येत नाही' अशी मोघम तक्रार कुणीच मनावर घेत नाही, हे ताईंनी निक्षून सांगितलं. पाकिटं गोळा केली, दोन्ही बाजूंच्या छायाप्रती काढल्या, प्रत्येकावरचा शिक्क्यांचा क्रम वेगळ्या कागदावर लिहिला. स्पीड पोस्टाच्या बाबतीत वाटचालीच्या नोंदी छापून जोडल्या. (रजिस्टर टपाल तेव्हा वेगळं होतं. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं.)

याच सुमारास गावातल्या डाक सेवकाशी बोलणं झालं, आणि तिथे प्रकरणाला कलाटणी मिळाली. "काका, चुकीच्या पिनची पत्रं तुमच्याकडे येतात ती कळतात का तुम्हाला?" असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. उशिरा आलेलं प्रत्येक रजिस्टर, त्यावर लिहिलेला पिन, कुठून फिरून आलं, कुणाला दिलं, सगळं बॉलपेननं, ओळी आखून. कुणी सांगितलेलं नव्हतं. "उद्या कुणी म्हणालं मीच दाबून ठेवलं, तर दाखवायला असावं," एवढंच ते म्हणाले. गावभर ज्याला आळशी म्हणत होते त्या माणसाकडे आमच्यापेक्षा कितीतरी पक्का पुरावा होता. वहीतून दिसलं की घोळ फक्त सोसायट्यांचा नाही, गावठाणाच्या सरकारी पत्रांचाही आहे. गावठाण चौथ्या पर्यायाकडे झुकलं ते या वहीमुळे. आजोबांना त्यांच्याच भावकीतल्या नोंदी वाचून दाखवल्या, तेव्हा ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "करा मग, पण पोस्ट गावातून हलता कामा नये."

अर्ज प्रवर डाक अधीक्षकांकडे गेला आणि त्याची प्रत डाक अदालतीत, म्हणजे टपालाच्या तक्रारी ऐकणाऱ्या बैठकीत, दिली. मागण्या चारच : संपूर्ण गावाचं वाटप एका कचेरीकडे, गावासाठी स्वतंत्र बीट, शाखा डाकघर बचत खात्यांसह आहे त्याच जागी, आणि जुन्या पिनवर येणारं टपाल ठरावीक काळ न परतवता नव्या कचेरीकडे वळवणं. महापालिकेच्या हद्दवाढीची अधिसूचना, इमारतींची यादी आणि नकाशा सोबत जोडले. यादी करताना लक्षात आलं की जवळपास एकाच नावाच्या सोसायट्या तीन आहेत, म्हणून प्रत्येकीपुढे गट क्रमांक आणि जवळची खूण लिहिली.

डाक निरीक्षक पाहणीला आले तेव्हा त्यांना गावभर फिरवलं. शहरी पोस्टमनना सगळ्यात जास्त वेळ जिने चढण्यात आणि बंद दारापुढे थांबण्यात जातो हे त्यांच्याकडून कळल्यावर सोसायट्यांनी तळमजल्यावर फ्लॅट क्रमांकानुसार पत्रपेट्या लावायचं मान्य केलं. वेगळी बीट मंजूर व्हायला या पत्रपेट्यांची मदत झाली असं माझं मत आहे. मागणाऱ्यानंही काहीतरी उचललं की समोरच्याचं काम सोपं होतं.

निर्णयाचा शेवटचा कळीचा मुद्दा कागदपत्रांचा होता. नवा पिन मिळताच लोक सगळीकडे बदल करायला धावणार, रांगा लावणार, पैसे घालवणार. त्यामुळे क्रम ठरवून दिला : आधी आधार आणि बँक, कारण बाकीच्या कचेऱ्या पत्ता बहुधा तिथूनच उचलतात. मग आर.टी.ओ. आणि विमा. सुनावणी चालू असलेल्यांनी संबंधित कचेरीला साधं पत्र देऊन पोच घ्यायची. इतरांनी घाई करायची नाही, जुन्या पिनवरचं टपाल वळवलं जाणार आहे.

काय झालं

पाहणीनंतर बऱ्याच महिन्यांनी मंजुरी आली आणि चारही मागण्या मान्य झाल्या. शहरी कचेरीत नवी बीट निघाली. शाखा डाकघर जागेवर राहिलं, फक्त थैली आता शहराच्या बाजूनं येते. सोसायट्यांची रजिस्टर आणि स्पीड पोस्टाची पत्रं सरळ येऊ लागली. शहरी पिनवर येणाऱ्या सरकारी पत्रांचा प्रश्न तर एका दिवसात संपला, कारण तो पिन आता बरोबर ठरला.

सुरुवातीचा भुर्दंड मात्र ज्यांचं काहीच चुकलं नव्हतं त्यांना पडला. गावठाणात जुन्या पिनवर नियमित येणारी पत्रं आता आधी ग्रामीण उपडाकघरात उतरून तिथून शहराकडे वळू लागली. विमा हप्त्याच्या सूचना, मुलांनी धाडलेली पत्रं, देवस्थानाच्या प्रसादाची पाकिटं, सगळ्यांना उशीर झाला. आजोबांनी मला हे दोनदा ऐकवलं आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. व्यवस्था दुरुस्त होताना तिचा भार बरोबर वागणाऱ्यावर पडतो, हे आधी स्पष्ट सांगून त्याची संमती घ्यायला हवी.

भूसंपादनाच्या शेतकऱ्यानं शिक्क्यांच्या छायाप्रती जोडून फेरसुनावणीचा अर्ज केला. तो दाखल करून घेतला गेला. पुढचं महसूल खात्याच्या हाती आहे.

काही गोष्टी अजून अर्धवट आहेत. खासगी कुरिअर आणि खरेदीच्या संकेतस्थळांकडच्या पिन याद्या आपापल्या गतीनं बदलतात. काहींवर आजही गावाचं नाव टाकलं की जुनाच तालुका येतो.

वेगळं काय करता आलं असतं

हद्दवाढीची अधिसूचना निघाली त्याच आठवड्यात तिची प्रत डाक अधीक्षकांकडे जायला हवी होती. महापालिका, महसूल, वीज, सगळ्यांना ती गेली, डाक विभागाला जाणं मात्र कुणाच्याच कामाचा भाग नव्हता. तुमचं गाव हद्दवाढीच्या यादीत असेल तर हे एक पत्र ग्रामपंचायत असतानाच टाका.

डाक सेवकाशी बोलणं पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. गटानं ठराव लिहिण्यात आणि नव्या कचेरीची मागणी घासूनपुसून करण्यात जो काळ घालवला, त्यात त्या वहीनं कितीतरी पुढचा पल्ला गाठला असता.

पिन कोणता ते बिल्डरच्या कागदावरून कधीच ठरवू नये. डाक विभागाच्या संकेतस्थळावर शोधून, आणि खात्री नसेल तर वाटप कचेरीत जाऊन, "आमचं टपाल इथून वाटलं जातं का?" एवढं विचारावं. फ्लॅटचा ताबा घेताना वीजमीटरचं नाव बदलतो तसंच हे एक काम.

जुन्या पिनवरचं टपाल वळवायला सुरुवात नवा पिन लागू होण्याआधी करून पाहायला हवी होती. म्हणजे ग्रामीण उपडाकघरातल्या सॉर्टिंगच्या माणसांना सवय झाली असती आणि गावठाणाचे ते पहिले आठवडे सुसह्य गेले असते.

या काळात मला बऱ्याच जणांनी विचारलं की डिजिपिन आल्यावर हे सगळं कालबाह्य होईल का. मे २०२५ मध्ये डाक विभागानं तो आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत केलेली ही दहा अक्षर-अंकांची खूण साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवते. रुग्णवाहिकेला वाडीवरचं घर सापडायला ती फार उपयोगी पडेल, आणि वाड्यांवरच्या लोकांनी ती काढून ठेवावी असं मी आवर्जून सांगतो. पण चौकोन जागा दाखवतो, तिथे कुणाच्या बीटमधून माणूस जाणार हे त्यातून ठरत नाही. पाकिटावर पिन अजून लिहायचाच आहे. २०२३ च्या नव्या डाकघर कायद्यानं, जो १८ जून २०२४ पासून लागू आहे, पत्ता लिहिण्याचे आणि पिन वापरण्याचे निकष ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. हद्दवाढ झाली की टपालाच्या हद्दीचा फेरविचार ठरावीक मुदतीत व्हावा, असा नियम त्याखाली यावा म्हणून आमच्या गटानं डाक विभागाला निवेदन दिलं आहे. सोबत डाक सेवक काकांच्या वहीतली पानं, नावं झाकून, जोडली आहेत.